देऊळ, इगर्जी आणि लोककारण

ग्वाल्हेरास पाहुणा आला म्हणजे त्यास किल्ला, मानमंदिर आणि तानसेनाची कबर दाखविण्याची आमच्याकडे चाल आहे. मी त्यात आणखी एका स्थळाची भर घालतो. ते स्थळ म्हणजे बैराग्यांची गंगादासाची बडी शाळा. जून १८५८ मध्ये झाशीची राणी लक्ष्मीबाई घायाळ झाली, तेव्हा तिचा देह इंग्रजांच्या हाती पडू नये म्हणून महंत गंगादास आणि त्यांचे साधू शस्त्र घेऊन उभे राहिले व त्यांपैकी ७४५ जण पडले, अशी येथील परंपरा आहे. आकडा मी न्यायालयात सिद्ध करून देऊ म्हणत नाही. परंतु तेथील समाध्यांपुढे उभा राहिलेला एकही पाहुणा मला आजवर असे म्हणालेला नाही, की या गोसाव्यांनी आपली माळ ओढीत बसावे, त्यांना राज्यकारणाच्या उठाठेवी कोणी सांगितल्या होत्या?

ही गोष्ट सांगण्यास एक निमित्त घडले. गेल्या वर्षी आमच्या मंडळींच्या एका देवस्थानाच्या समितीने माझ्याकडे एका ठरावाचा मसुदा मागितला. ‘ख्रिस्ती चर्चने राजकीय व सामाजिक चळवळींत पडू नये, सरकारने तसा प्रतिबंध करावा,’ एवढा त्याचा आशय. मी वकील, मसुदा लिहिणे हा माझा धंदाच. दोन ओळींत काम आटोपावे म्हणून बसलो, आणि पहिल्याच ओळीवर अडलो. ‘चर्चने’ या शब्दानंतर जे काही लिहावे, ते गंगादासाच्या शाळेस लागू पडेनासे कसे करावयाचे, हे काही केल्या सुचेना. म्हणून कायद्याची पुस्तके बाजूस ठेवून प्रथम इतिहासाची काढली.

समितीतील मंडळींच्या मनातील संशय निराधार आहे असे मी म्हणणार नाही. या मासिकाच्या वाचकांस तर तो समजावून सांगण्याची गरजच नाही. आमच्यातील कित्येक घराणी शिंदेशाहीच्या चाकरीसाठी उत्तरेत आली. महादजींचे सेनापती जिवबादादा बक्षी हे मूळचे गोव्याच्या पेडणे महालातील केरीचे. दौलतीची चाकरी संपली, घरातली कोंकणी हिंदी-मराठीत मिसळून गेली, तरी कुलदैवताची वाट कोणी विसरले नाही. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळास, शांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास. ही यादी आमच्यातल्या म्हाताऱ्यांना परवच्यासारखी पाठ असे. सोळाव्या शतकात तिसवाडी, बार्देश आणि साष्टी या तिन्ही प्रांतांत देवळे मोडली गेली, ती केवळ उपदेशाने मोडली नाहीत. त्यामागे विजरईचा हुकूम आणि शिपाई होते. गोव्याचे धर्मन्यायपीठ १५६० मध्ये बसले आणि मधला थोडा काळ सोडता १८१२ पर्यंत चालले. माझे आजोबा ‘इगर्जी’ हा शब्द उच्चारीत तेव्हा त्यांचा आवाज किंचित खाली येई. चारशे वर्षांपूर्वीची भीती ग्वाल्हेरच्या ओसरीवर, ज्यांनी समुद्र पाहिला नाही अशा माणसांच्या घशात शिल्लक होती.

तथापि त्या भीतीचे नेमके कारण कोणते, हे पाहिले पाहिजे. पाद्री लोकांच्या व्यवहारात पडले हे दुःखाचे मूळ होते, की राज्यसत्तेचा दंड त्यांच्या हाती आला हे? याचा निवाडा करण्यास भाषेचा एक दाखला पुरेसा आहे. १६१६ मध्ये साष्टीतील राशोल येथे फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ छापले. कोंकणीचे व्याकरणही त्याच्याच हातचे, ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा हेतू धर्मप्रसाराचा होता हे उघड आहे. परंतु त्या हेतूसाठी त्याने आमची भाषा शिकण्याचे श्रम केले. पुढे १६८४ मध्ये, ज्यांनी ते श्रम केले नव्हते अशा बार्देशातील फ्रान्सिस्कन पाद्र्यांच्या आग्रहावरून विजरई काउंट आल्व्होर याने हुकूम काढला, की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली टाकून पोर्तुगीज भाषा घ्यावी. धर्म तोच, क्रूसही तोच. एकाजवळ लेखणी होती, दुसऱ्याने सरकारी शिक्का मागून घेतला.

आणि तोच धर्म त्याच सत्तेच्या विरुद्ध उभा राहिल्याचेही उदाहरण त्याच भूमीत आहे, जे आमच्या मंडळींना सहसा ठाऊक नसते. १७८७ मध्ये बार्देशातील कांदोळी येथील पिंटो घराण्याच्या आश्रयाने पोर्तुगीज राज्य उलथून टाकण्याचा एक कट शिजला. त्याचे म्होरके दोन गोमंतकीय पाद्री होते. एक पणजीचे कायतान फ्रान्सिस्को कौटो, दुसरे दिवाडीचे जुझे आंतोनियो गोन्साल्व्हिस. देशी पाद्री कितीही विद्वान असो, वरच्या जागा गोऱ्या कातडीस, ही त्यांची तक्रार. ती घेऊन ते युरोपपर्यंत जाऊन आले आणि रिकाम्या हाताने परतले. देशी सैनिकांचे दुखणेही असेच होते. कट फुटला. डिसेंबर १७८८ मध्ये पंधरा जणांस देहान्त शासन झाले, आणि पकडलेल्या पाद्र्यांना लिस्बनला नेऊन वर्षानुवर्षे तुरुंगात कुजविण्यात आले. १८५७ च्या सत्तर वर्षे आधीची ही गोष्ट. गंगादासाच्या बैराग्यांस आपण हुतात्मे म्हणतो; कांदोळीच्या कटवाल्यांस काय म्हणावयाचे? त्यांचा हेतू आपल्या पदांपुरता संकुचित होता असा आक्षेप कोणी घेईल. तो काही अंशी खराही आहे. पण १८५७ च्या बंडातही ज्याचे त्याचे संस्थान आणि ज्याची त्याची तनखा होतीच की.

विसाव्या शतकात या प्रश्नाने एक चमत्कारिक वळण घेतले. गोवा ही ‘पूर्वेकडील रोम’, तेथील राज्य म्हणजे कॅथलिक संस्कृतीचे रक्षण, असा सालाझारच्या सरकारचा जगापुढे दावा होता. जुलै १९५५ मध्ये पंडित नेहरू रोममध्ये पोप बारावे पायस यांस भेटले आणि नंतर त्यांनी वृत्तपत्रांना सांगितले, की गोव्याचा प्रश्न धार्मिक नसून राजकीय आहे हे पोपना मान्य आहे. म्हणजे चर्चने राजकारणात पडू नये, ही गोष्ट त्या वेळी आपल्याला हवी होती, आणि ती आपल्या पथ्यावर पडली. लगेच पुढल्या महिन्यात, १५ ऑगस्टला, गोव्याच्या हद्दीवर निःशस्त्र सत्याग्रही गोळ्यांना बळी पडले. त्यांच्या बाजूने पाद्र्यांनी बोलावे असे त्या दिवशी आपल्यापैकी कोणास वाटले नसेल काय?

हा पेच ज्या एका माणसाच्या आयुष्यात मला स्पष्ट दिसला, त्याचे नाव एस. के. जॉर्ज. केरळातील हा सीरियन ख्रिस्ती गृहस्थ कलकत्त्याच्या बिशप्स कॉलेजात अध्यापक होता. १९३२ च्या सविनय कायदेभंगात ख्रिस्ती लोकांनी उतरावे, गांधींचा सत्याग्रह हा क्रूसाचाच मार्ग आहे, असे त्याने जाहीरपणे म्हटले, आणि त्यापायी त्याला नोकरी सोडावी लागली. त्या काळच्या चर्चच्या वरिष्ठांना ते राजकारण वाटले. हेच जॉर्ज बावीस वर्षांनी आपल्याच प्रांतातील एका समितीवर आले.

१९५४ मध्ये जुन्या मध्यप्रदेशाच्या सरकारने नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यास एक समिती नेमली. तिने १४ जिल्ह्यांतील ७७ ठिकाणे पाहिली, ९९ प्रश्नांची प्रश्नावली काढली, आणि १९५६ मध्ये अहवाल दिला. आमचे ग्वाल्हेर तेव्हा मध्यभारतात होते. तेथील सरकारनेही अशीच चौकशी करविली, ती रेगे समिती. नियोगी अहवालाचा मुख्य आक्षेप असा, की दवाखाना व शाळा यांचा उपयोग सेवेपेक्षा धर्मांतराचे आमिष म्हणून होतो, परदेशी पैसा त्यामागे असतो, आणि त्यातून आदिवासींच्या मनात वेगळ्या राज्यनिष्ठेचे बीज पडते. चर्चच्या पुढाऱ्यांनी हा अहवाल एकांगी ठरविला. परंतु जॉर्ज यांनी त्यावर सही केली. ज्याने आपले चर्च राष्ट्राच्या लढ्यात उतरावे म्हणून नोकरीवर पाणी सोडले, त्यानेच परदेशी मिशनांच्या कारभारावर बोट ठेवले. वरवर पाहता हा विरोध वाटतो. मला तो वाटत नाही. लोकांच्या दुःखात पडणे निराळे, आणि त्या दुःखाचे भांडवल करून आपली संख्या वाढविणे निराळे, एवढेच त्यांचे म्हणणे असावे.

धर्मांतराचा विषय येथेच सोडतो. १९६८ चा मध्यप्रदेशाचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा, आणि धर्माचा प्रसार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करविण्याचा हक्क येत नाही असे सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा १९७७ चा निर्णय, हे दोन्ही आमच्याच राज्यातून निघाले. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रामाणिकपणे सांगावयाचे तर समितीच्या ठरावामागेही राजकारणापेक्षा हीच धास्ती अधिक होती. पण एका प्रश्नाचा राग दुसऱ्या प्रश्नावर काढणे हे ज्युरीतल्या माणसाचे वैगुण्य. कायदा करणाऱ्याने ते करू नये.

आता वसईकडे येतो, कारण या विषयाचा खरा कस मला तेथे लागलेला दिसतो. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली हे शाळेतले पोर सांगेल. मात्र पोर्तुगीज गेले तरी तेथले ख्रिस्ती कुठे गेले नाहीत, आणि ते सामवेदी व वाडवळी बोलत, मराठीत प्रार्थना करीत, केळी, पानवेली आणि फुलांच्या वाड्या शिंपीत तेथेच राहिले, ही पुढची गोष्ट त्या धड्यात नसते. विसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई उत्तरेकडे सरकू लागली. नालासोपारा, विरार येथे इमारती चढल्या. त्या वस्तीला पाणी हवे. ते बागायतीतल्या गोड्या विहिरींतून टँकरने उपसले जाऊ लागले. समुद्र जवळ असलेल्या जमिनीतून गोडे पाणी असे ओढले म्हणजे त्या जागी खारे पाणी शिरते, आणि एकदा खारावलेली वाडी पुन्हा सहजासहजी पिकत नाही. अशात १९८८ मध्ये सरकारच्या एका अधिसूचनेने तेथील पुष्कळशी जमीन बांधकामास खुली झाली. त्यावेळी जी ‘हरित वसई संरक्षण समिती’ उभी राहिली, तिचे पुढारी एक कॅथलिक धर्मगुरू होते, फादर फ्रान्सिस दिब्रिटो.

दिब्रिटो हे वसईतल्याच नंदाखालचे, जन्म १९४२ चा. १९५५ पासून निघणाऱ्या ‘सुवार्ता’ या मराठी मासिकाचे ते दोन तपे संपादक होते. बायबलचा त्यांनी केलेला मराठी अनुवाद साहित्य अकादमीने २०१३ मध्ये गौरविला. असा माणूस मोर्च्याच्या अग्रभागी चालला, तेव्हा त्याच्यामागे केवळ त्याचे धर्मबांधव नव्हते. वाडी ज्याची, तो मोर्च्यात, असा प्रकार होता, आणि वाड्या हिंदूंच्याही होत्या. जमिनीच्या व्यवहारात गुंतलेल्यांचा दरारा त्या काळी वसईत केवढा होता, हे त्या पिढीचे लोक आजही आवाज उतरवून सांगतात. त्या दराऱ्यापुढे एकटा शेतकरी उभा राहणे अशक्य होते. उभे राहण्यास एखादी अशी संस्था हवी होती, जिला बांधकामात वाटा नको, जिचे घर विकत घेता येत नाही आणि जिची घंटा गावात सर्वांना ऐकू येते. चर्चजवळ हे तिन्ही होते. देवळाजवळही असते, पण तो मुद्दा पुढे येईल.

हरित वसई जिंकली असे मी म्हणणार नाही. २००९ मध्ये तेथे महानगरपालिका झाली, गावांच्या विरोधास न जुमानता. आज रेल्वेच्या खिडकीतून वसई-विरारकडे पाहिले तर वाड्या शोधाव्या लागतात. पण जे काही हिरवे पश्चिमेकडे शिल्लक आहे, त्यात त्या मोर्च्यांचा वाटा नाकारता येणार नाही. दिब्रिटो स्वतः निवडणुकीस उभे राहिले नाहीत. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा ‘पाद्री कशाला?’ म्हणून विरोध झाला, आयोजकांना धमक्याही आल्या. ज्या पीठावर १९६१ मध्ये, आमच्याच ग्वाल्हेरात, कुसुमावती देशपांडे यांच्या रूपाने प्रथमच एक स्त्री बसली, त्या पीठाने आणखी एक दार उघडले, असे मला तेव्हा वाटले. जुलै २०२४ मध्ये ते वारले.

वसईची बाजू घेतली म्हणून गोव्यातील चर्चच्या प्रत्येक पावलावर मी शिक्का मारीन असे कोणी समजू नये. १९९० मध्ये गोव्यात असे धोरण ठरले, की प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून असेल तरच सरकारी अनुदान. धर्मप्रांताच्या शाळा तेव्हा कोंकणीकडे वळल्या, आणि त्याबद्दल त्यांचे ऋण कोंकणीने मानलेच पाहिजे. २०११ मध्ये धोरण फिरले, इंग्रजी माध्यमास अनुदान मिळू लागले. त्या मागणीमागे चर्चच्या शाळांचे वजन होते. शशिकला काकोडकर यांच्यासारखी माणसे त्याविरुद्ध रस्त्यावर आली. पालकांना इंग्रजी हवी होती हे खरे, आणि त्यात हिंदू पालकही होते हेही तितकेच खरे. परंतु ज्या भूमीत १६८४ चा हुकूम निघाला, तेथे मुलांच्या तोंडची भाषा वाचविण्याची जबाबदारी इगर्जीवर इतरांपेक्षा अधिक होती. वसईत चर्चला स्वतःसाठी काही मिळवावयाचे नव्हते. येथे अनुदानाचा धनादेश त्याच्याच शाळांच्या नावाने निघणार होता. माझ्या मते फरक पडतो तो येथे.

आता कायदा. आमच्या समितीस वाटत होते की असा प्रतिबंध नव्याने घालावा लागेल. वस्तुतः राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदातच धर्माचरणाशी निगडित अशा ‘आर्थिक, वित्तीय, राजकीय वा इतर ऐहिक’ व्यवहारांचे नियमन करण्याचा अधिकार राज्याला दिलेला आहे. हा अनुच्छेद ज्या सभेने घडविला, तीत मंगळूरचे जेझुइट फादर जेरोम डिसूझा सभासद होते. आणि अल्पसंख्यांसाठी राखीव जागा नकोत ही भूमिका घेण्यात ख्रिस्ती सभासद पुढे होते, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. १९५१ चा लोकप्रतिनिधित्वाचा कायदा धर्माच्या नावाने मत मागणे हा भ्रष्ट आचार ठरवितो. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये रामदयाल विरुद्ध संतलाल या खटल्यात नामधारी पंथाच्या सद्गुरूंच्या फर्मानाचा विचार केला. न्यायालय म्हणाले, की उमेदवारांच्या गुणावगुणांविषयी मत सांगण्यास धर्मगुरू इतर नागरिकांइतकाच मोकळा आहे. पण ‘अमक्यास मत न दिलेस तर देवाचा कोप होईल’ अशी भीती घालून अनुयायास निवड करण्यास जागाच ठेवली नाही, तर ती निवडणूक टिकणार नाही. ती टिकली नाही. २०१७ मध्ये मुंबईच्या सांताक्रूझ मतदारसंघाच्या एका जुन्या खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध तीन मतांनी हा प्रतिबंध आणखी व्यापक केला. उमेदवाराच्याच नव्हे, मतदाराच्या धर्माच्या नावानेही मत मागता येणार नाही.

म्हणजे रेषा आखलेली आहे. जून २०१८ मध्ये गोव्याचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्रांव यांनी आपल्या वार्षिक पत्रात राज्यघटना संकटात आहे असे म्हणून कॅथलिकांनी राजकारणात भाग घ्यावा असे आवाहन केले, तेव्हा बराच गदारोळ झाला. त्यांचे निदान बरोबर की चूक यावर वाद घालण्यास प्रत्येकजण मोकळा आहे. मीही त्यांच्या प्रत्येक वाक्याशी सहमत नाही. परंतु ते पत्र १९५९ च्या कसोटीवर नामधारी फर्मानाच्या रांगेत बसत नाही. गंमत अशी, की चर्चचा स्वतःचा कायदा आपल्या कायद्याहून कडक आहे. १९८३ च्या त्यांच्या धर्मसंहितेने पाद्र्यांना राज्यसत्तेचा अधिकार असलेली पदे घेण्यास मनाई केली आहे, आणि राजकीय पक्षांत सक्रिय भाग घेण्यासही सर्वसाधारणपणे मज्जाव आहे. त्याआधीच, १९८० मध्ये, अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये बसणाऱ्या फादर रॉबर्ट ड्रायनन यांस पोपच्या आज्ञेवरून पुन्हा उभे न राहण्याचा निर्णय घ्यावा लागला. आमच्याकडे मठाधिपती मुख्यमंत्री होतात, साध्वी खासदार होतात. ते व्हावे की न व्हावे यावर येथे मत देत नाही; मात्र प्रतिबंधाचा ठराव करताना हे आठवले पाहिजे.

१८९३ मध्ये लोकमान्यांनी गणपती घरातून चौकात आणला. तो राजकारणासाठीच आणला, आणि आपण त्याचा अभिमान बाळगतो. लष्करातल्या आमच्या गणेशोत्सवाची प्रेरणा तीच. मे १९४७ मध्ये साने गुरुजी पंढरपुरास उपोषणास बसले, विठ्ठलाचे दार सर्वांना उघडावे म्हणून. हा धर्माचा प्रश्न आहे, यात समाजसुधारकांनी हात घालू नये, असे त्या वेळी विरोधकांचे म्हणणे होते. दार उघडले. आज त्या दारातून आत जाणाऱ्या कोणालाही ते बंद असावयास हवे होते असे वाटत नाही.

अखेर मी मसुदा लिहिला. ‘ख्रिस्ती चर्च’ हे शब्द काढून ‘कोणतीही धार्मिक संस्था’ असे घातले, आणि प्रतिबंध दोनच गोष्टींपुरता ठेवला: देवाच्या कोपाची भीती घालून मत मागणे, आणि सेवेच्या मोबदल्यात निष्ठा मागणे. समितीच्या बैठकीत तो वाचला गेला. एका ज्येष्ठ सभासदांनी चष्मा पुसून विचारले, “वकीलसाहेब, मग हा आपल्यालाही लागू होईल?” मी होय म्हणालो. ठराव पुढील बैठकीकडे ढकलण्यात आला.

त्याच बैठकीत आणखी एक कागद होता. शहरातून वाहणाऱ्या स्वर्णरेखेचा नाला झाला आहे, तिच्या काठच्या वस्तीतील लोकांनी महापालिकेस द्यावयाच्या अर्जावर देवस्थानाची सही मागितली होती. विसर्जनाच्या दिवशी त्याच पाण्याच्या दुर्गंधीने आम्ही नाकाला रुमाल लावतो. ‘हे राजकारण आहे, देवळाने यात पडू नये,’ असा शेरा त्यावर आधीच पडलेला होता. अर्ज परत घेण्यास आलेल्या तरुणास मी माझ्या एकट्याची सही दिली. त्याने कागदावरून बोट फिरविले, देवस्थानाच्या शिक्क्यासाठी सोडलेली कोरी जागा पाहिली, आणि ती तशीच राहू द्यावी काय, असे विचारले. मी म्हटले, राहू दे.